गेल, स्टेफनी आणि लग्नाचा बस्ता : हंगामी कपड्यांच्या खरेदीचं एक प्रकरण

नोव्हेंबर १९९२. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या ॲस्पेन गावात स्पोर्ट ओबरमायर नावाची कंपनी पुढच्या, म्हणजे १९९३-९४ च्या हिवाळ्यासाठी किती जॅकेट शिवायला टाकायची ते ठरवत होती. बर्फावर स्की खेळणाऱ्यांचे कपडे हा तिचा धंदा. हा माल दुकानात सप्टेंबरात लागतो, डिसेंबर-जानेवारीत जोरात खपतो आणि त्यानंतर जो उरतो तो तोट्यातच विकावा लागतो. वर्षभराच्या कामाचा निकाल चार-पाच महिन्यांत लागतो.

किरकोळ दुकानदार नवे नमुने पाहणार होते ते मार्च १९९३ मध्ये, लास वेगासच्या व्यापारी प्रदर्शनात. त्या प्रदर्शनानंतरच्या आठवड्याभरात वर्षाच्या साधारण ८० टक्के ऑर्डर हातात येत. पण शिलाई फेब्रुवारीत सुरू व्हायची होती आणि त्यासाठी कारखान्याला आकडे नोव्हेंबरात द्यायचे होते. एकाही दुकानदाराची ऑर्डर हातात नसताना जवळजवळ निम्म्या मालावर सही करायची होती.

लग्नसराई किंवा दिवाळीचा माल भरणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही दुकानदाराला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. म्हणूनच हे प्रकरण मला मोलाचं वाटतं. व्यवस्थापनाच्या वर्गात ते तीस वर्षांहून अधिक काळ शिकवलं जातं. मराठीत मात्र ते कपड्यांच्या दुकानदाराच्या बाजूने, आकड्यांसकट मांडलेलं मी पाहिलेलं नाही.

कंपनी आणि तिची कोंडी

क्लाउस ओबरमायर मूळचे जर्मनीच्या बव्हेरिया भागातले. ॲस्पेनला ते स्की शिकवायला आले. तिथल्या थंडीत पाहुणे कुडकुडतात हे पाहून त्यांनी घरून आणलेली पिसांची रजई उसवून जॅकेट शिवलं, आणि १९४७ मध्ये त्यातूनच कंपनी उभी राहिली. १९९२ मध्ये क्लाउस सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांचा मुलगा वॉली हार्वर्डमधून एमबीए करून धंद्यात उतरलेला होता. वडिलांचा भर अनुभवावर आणि नजरेवर, मुलाचा नोंदींवर आणि हिशोबावर. आपल्याकडच्या कितीतरी पेढ्यांवर आज हीच जोडी बसलेली दिसते.

थांबून, लास वेगासच्या ऑर्डर हातात आल्यावर सगळा माल शिवायला काय हरकत होती? कारखान्यांची ताकद कमी पडते, ही पहिली अडचण. मार्चनंतरच्या थोड्या महिन्यांत सगळा माल निघूच शकत नाही. दुसरी अडचण कच्च्या मालाची. कापड रंगवून-छापून यायला ४५ ते ६० दिवस आणि झिप यायला ६० दिवस, खास रंगाची असेल तर ९० दिवसांहून जास्त. त्यात चिनी नववर्षाच्या सुट्टीत कारखाने बंद. उशिरा शिवलेला माल जहाजाऐवजी विमानाने आणायचा तर नफा भाड्यातच जातो.

शिलाई हाँगकाँग आणि चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात होत असे. हाँगकाँगमध्ये कामगाराला तासाला ३.८४ डॉलर मिळत आणि चीनमध्ये ०.१६ डॉलर. चीन अर्थातच स्वस्त, पण तिथे एका नमुन्याचे किमान १,२०० नग टाकावे लागत. हाँगकाँगला ६०० चालत. स्वस्त जागी जास्त माल टाकायची सक्ती आणि महाग जागी थोडक्यात भागवायची सोय. घाऊक बाजारात भाव पाडून मागणाऱ्याला पूर्ण गाठ उचलावी लागते, त्यातलाच हा व्यवहार.

अंदाज चुकण्याची किंमत किती होती हे १९९१-९२ च्या हंगामात दिसलं होतं. बायकांच्या जॅकेटचे काही नमुने अंदाजापेक्षा २०० टक्क्यांनी जास्त खपले आणि काहींची विक्री अंदाजाच्या १५ टक्केही झाली नाही. एकाच हंगामात, एकाच कंपनीत, एका कोपऱ्यात माल पडून होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात होतं.

एकमताने लपवलेली माहिती

तोवर आकडा ठरवायची रीत अशी होती : खरेदी समितीचे लोक एकत्र बसत, प्रत्येक नमुन्यावर चर्चा करत आणि शेवटी एका आकड्यावर एकमत होई. ऐकायला ही रीत शहाणपणाची वाटते. पण बैठकीत ज्याचा शब्द जड त्याच्या आकड्याकडे बाकीचे सरकतात. हातात राहतो तो एक आकडा. त्या आकड्याबद्दल लोकांना किती खात्री होती हे त्यात कुठेच उमटत नाही.

वॉलीने ही रीत बदलली. समितीच्या सहाही जणांनी एकमेकांशी न बोलता, स्वतंत्रपणे, प्रत्येक नमुन्याचा आपापला अंदाज लिहून द्यायचा.

वर्गात शिकवताना दहा नमुन्यांचं छोटं उदाहरण घेतात. त्यातल्या गेल या जॅकेटसाठी आलेले आकडे असे : ९००, १,०००, ९००, १,३००, ८०० आणि १,२००. सरासरी १,०१७. अनिता या जॅकेटसाठी आले : ४,४००, ३,३००, ३,५००, १,५००, ४,२०० आणि २,८७५. सरासरी ३,२९६. एकमताच्या बैठकीत अनिताचा आकडा बहुधा ३,३०० ठरला असता, सगळे चहा प्यायला उठले असते, आणि एका जाणकार माणसाला १,५०० वाटतात तर दुसऱ्याला ४,४००, ही गोष्ट कागदावर कधीच आली नसती.

सहा जणांच्या आकड्यांत जितकी फाटाफूट, तितकी त्या नमुन्याची खरी मागणी अंदाजापासून दूर जाण्याची शक्यता जास्त, असं कंपनीला दिसून आलं. समितीतला मतभेद हा अनिश्चिततेचा मापक निघाला. ही फूट मोजायला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन वापरतात. गेलचं ते १९४ येतं, अनिताचं १,०४७. खऱ्या मागणीतला चढउतार समितीतल्या फुटीच्या साधारण दुप्पट असतो, असं कंपनीच्या जुन्या अनुभवावरून धरलं होतं. म्हणजे गेलसाठी ३८८ आणि अनितासाठी २,०९४.

हा दुपटीचा हिशोब ओबरमायरचा आहे. दुसऱ्या दुकानाचा तो दीडपट असेल, तिप्पटही असेल. तो आपल्याच जुन्या अंदाजांवरून आणि विक्रीवरून काढावा लागतो, आणि त्यासाठी अंदाज लिहून ठेवलेले असावे लागतात. आपल्याकडे विक्रीची नोंद असते, कारण बिल फाडावं लागतं. अंदाजाची नोंद जवळजवळ कुणीच ठेवत नाही.

एकदाच खरेदी असेल तर

सगळा माल एकदाच भरायचा असेल तर हिशोब तुलनेने सोपा आहे. घाऊक किमतीच्या १०० डॉलरमागे ओबरमायरला २४ डॉलर नफा होई आणि माल उरला तर ८ डॉलर तोटा. म्हणजे एक नग कमी पडला तर २४ गेले, एक जास्त झाला तर ८ गेले. २४ ला ३२ ने भागा, ७५ टक्के येतात. मागणी आपल्या आकड्याच्या आत राहण्याची शक्यता ७५ टक्के होईपर्यंत माल वाढवत न्यायचा. सरासरीत चढउताराचे ०.६७४ पट मिळवले की तो आकडा मिळतो.

गेलसाठी हे येतात १,२७९ नग. आता स्टेफनी हे जॅकेट घ्या. समितीची सरासरी १,११३, म्हणजे गेलच्या अगदी शेजारची. पण समितीतली फूट ५२४, म्हणून चढउतार १,०४८. एकदाच खरेदी करायची तर स्टेफनीचे १,८१९ नग घ्यावे लागतील. जिथे खात्री कमी तिथे माल जास्त! नफा मोठा आणि तोटा लहान असला की हिशोब असाच ढकलतो. मोठ्या मार्जिनच्या मालात अंदाज धूसर असताना हात सैल सोडणारे व्यापारी नकळत हेच करत असतात, आणि एकच फेरी असेल तर ते बरोबरही आहे.

दोनदा खरेदी असेल तर

ओबरमायरला दोन फेऱ्या होत्या. नोव्हेंबरात निम्मा माल, म्हणजे उदाहरणातल्या २०,००० नगांपैकी १०,०००. उरलेला निम्मा लास वेगासनंतर, जेव्हा गिऱ्हाइकाचा कल दिसलेला असेल. मग प्रश्नच पालटतो. पहिल्या फेरीत स्टेफनी एकूण किती खपेल हे विचारायची गरज उरत नाही. विचारायचं ते एवढंच की आज, अंधारात, कोणता माल टाकला तर तो नक्की खपेल.

उत्तर असं निघतं : प्रत्येक नमुन्याच्या सरासरीतून त्याच्या चढउताराचा सारखाच पट वजा करायचा आणि बेरीज १०,००० वर बसवायची. दहा नमुन्यांची सरासरी मिळून २०,००० आणि चढउतार मिळून ९,४२८ आहेत. कमी करायचे आहेत १०,०००, त्यांना ९,४२८ ने भागलं की तो पट येतो १.०६. गेल : १,०१७ वजा ४११, म्हणजे ६०६ नग. स्टेफनी : १,११३ वजा १,१११, म्हणजे २ नग.

एकदाच खरेदी असेल तर स्टेफनी गेलच्या जवळजवळ दीडपट घ्यायची. दोनदा असेल तर पहिल्या फेरीत गेल सहाशेच्या वर आणि स्टेफनी जवळजवळ शून्य. नमुने तेच, अंदाज तेच, गिऱ्हाईक तेच. बदललं ते एवढंच की पुढे निर्णय घ्यायला अजून एक संधी आहे. या प्रकरणातली कोणती एक गोष्ट दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावी असं मला कुणी विचारलं तर मी ही दोन नावं आणि त्यांचे हे आकडे लिहीन. हंगामी खरेदीवरची आपली बहुतेक चर्चा ‘किती घ्यायचं’ या प्रश्नावर अडकते. ‘आधी काय घ्यायचं’ हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्याच्या उलट्या दिशेला असू शकतं.

स्टेफनी वाईट नमुना आहे असं यातून अजिबात निघत नाही. कदाचित हंगामाची राणी तीच ठरेल. तिच्याबद्दल आज आपल्याला कमी कळतं आणि मार्चमध्ये पुष्कळ कळणार आहे, म्हणून तिची खरेदी मार्चमध्ये. गेलबद्दल आज जे कळतं तेच मार्चमध्येही कळणार, मग तिच्यासाठी थांबून कारखाना रिकामा का ठेवायचा?

अनिताला याच हिशोबाने १,०७६ नग मिळतात, सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. सिड्यूस्ड या नमुन्याची सरासरी ४,०१७ आणि चढउतार १,११२, म्हणून त्याला २,८३८. किमतींतला फरक यात धरलेला नाही. तो धरला तर आकडे थोडे हलतात, पण कोणता नमुना आधी आणि कोणता मागाहून हे सहसा बदलत नाही.

किमान नगांची अट

कारखाना स्टेफनीचे २ नग शिवून देणार नाही. हाँगकाँगलाही ६०० च्या खाली चालत नाही. स्टेफनी, आयसिस आणि टेरी हे तीन नमुने त्या रेषेखाली येतात, म्हणून पहिल्या फेरीतून ते सरळ काढायचे आणि १०,००० नग उरलेल्या सातांत वाटायचे. पट आता ०.९७ च्या आसपास येतो. माझ्या हिशोबाने गेल ६४१, एन्टाइस ८७८ आणि डॅफनी १,०३४ हे हाँगकाँगला जातात. असॉल्ट १,८६७, इलेक्ट्रा १,३६८, सिड्यूस्ड २,९४१ आणि अनिता १,२६९ हे १,२०० च्या वर असल्याने चीनला स्वस्तात टाकता येतात. अनिता चीनच्या रेषेवर जेमतेम बसते. तिची खात्री इतकी कमी की मी तिला हाँगकाँगलाच थोडक्यात टाकलं असतं किंवा पूर्ण मागे ठेवलं असतं.

किमान नगांची अट पुरवठादाराच्या सोयीची असते, पण तिची किंमत खरेदीदार मोजतो आणि ती बिलावर दिसत नाही. चीनचा दर प्रत्येक नगामागे कमी होता. त्या दरासाठी अनिश्चित नमुन्याचे ६०० नग जास्त उचलावे लागले आणि त्यातले निम्मे पडून राहिले, तर वाचलेले पैसे तिथेच गेले. ‘पूर्ण लॉट घ्या, दहा रुपये कमी करतो’ हे ऐकल्यावर आधी विचारायचं की माल गेलसारखा आहे की स्टेफनीसारखा.

बातमी लवकर मिळवणं

कंपनी हिशोबावरच थांबली नाही. फेब्रुवारीत, लास वेगासच्या आधी, तिने आपल्या काही मोठ्या किरकोळ दुकानदारांना ॲस्पेनला बोलावून नमुने दाखवायला आणि ऑर्डर घ्यायला सुरुवात केली. या ऑर्डर एकूण विक्रीच्या साधारण २० टक्के होत्या. पण तेवढ्याने उरलेल्या ८० टक्क्यांचा अंदाज फार सुधारला, कारण पहिल्या ऑर्डरमधला कल पुढे बराचसा तसाच राहतो.

दुसरीकडे कच्च्या मालाची तयारी झाली. कापड लागणारच आहे, फक्त कोणत्या जॅकेटला कोणतं ते ठरायचंय, म्हणून ते आधी घेऊन ठेवायचं. वेगवेगळ्या रंगांच्या झिपांची यादी छाटून थोडेच रंग सगळीकडे चालतील असे नमुने बेतायचे. नमुना अनिश्चित असला तरी त्यातला घटक निश्चित असू शकतो, हे इथलं मर्म.

१९९४ मध्ये व्हार्टन या व्यवस्थापन शाळेचे मार्शल फिशर, हार्वर्डच्या जॅनिस हॅमंड आणि अनंत रामन, आणि स्वतः वॉली ओबरमायर यांनी मिळून हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हे काम मांडलं. या पद्धतीने तीन वर्षांत कंपनीचा नफा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला, असं त्यांनी नोंदवलं. बराचसा फरक खरेदीचा क्रम बदलल्याने पडला.

हे आपल्या दुकानात

आपलं दुकान ओबरमायरइतकं मोठं नाही आणि आपण शिवत नाही, आणतो. तरी रचना तीच आहे. एप्रिल-मेच्या लग्नसराईचा माल जानेवारी-फेब्रुवारीत ठरतो, गिऱ्हाईक मागाहून येतं.

समजा एका दुकानात मालक, पुतण्या आणि काउंटरवरचे दोन जुने लोक अशा चौघांनी दोन वस्तूंचा अंदाज लिहिला. ऑफ-व्हाइट कुर्ता-पायजमा : ४०, ४५, ३८, ४५. नव्या रंगाचा इंडो-वेस्टर्न : २०, ७०, ३५, ४३. दोन्हींची सरासरी ४२. काकांनी बैठकीत आधी तोंड उघडलं असतं तर दोन्ही वस्तू सारख्याच आल्या असत्या. चिठ्ठ्या आधी लिहून घेतल्या तर पहिल्या खेपेला कुर्ते ३० येतील आणि इंडो-वेस्टर्नचा एकच साइज सेट, म्हणजे सगळ्या मापांचा एक संच, पुतळ्यावर लावायला आणि लोक काय म्हणतात ते ऐकायला. साइज सेट ही आपल्या घाऊक बाजारातली किमान नगांची अट. सुटे नग क्वचित मिळतात, पूर्ण माप उचलावं लागतं, आणि हंगाम संपल्यावर हातात राहतो तो बहुतेक कटसाइज माल, म्हणजे मधली मापं तुटलेला.

चौघांनी चिठ्ठ्या वेगवेगळ्या लिहायच्या आणि सगळ्यात थोरल्याची चिठ्ठी शेवटी उघडायची. एकत्र कुटुंबाच्या पेढीवर हे सोपं नाही, हे मला कळतं. काकांपुढे पुतण्याने वेगळा आकडा लिहिणं हा अवमान मानला जाऊ शकतो. म्हणून हे काकांनीच सुरू करायला हवं. काउंटरवरच्या माणसाला तर कुणी विचारतच नाही. ‘यात मरून नाही का?’ असं विचारून गिऱ्हाईक परत गेलेलं पाहतो तो तोच. बिलाच्या पुस्तकात झालेली विक्री उतरते, न झालेली उतरत नाही. ती उतरवायला गल्ल्याजवळ एक साधी वही पुरते : काय मागितलं, कोणतं माप, कोणता रंग.

आणि आपल्याकडची ॲस्पेनची फेब्रुवारी? ती म्हणजे पहिले बस्ते. लग्नाचा बस्ता बांधायला आख्खं घराणं येतं, मानपानाच्या साड्यांपासून नवरदेवाच्या कपड्यांपर्यंत सगळं एका बैठकीत ठरतं आणि गावातल्या त्या हंगामाचा कल तिथेच दिसतो. हंगामातल्या पहिल्या काही बस्त्यांची नोंद रंग, भाव आणि प्रकार अशी केली तर दुसऱ्या खेपेचा अंदाज कितीतरी पक्का होईल. एक सावधगिरी मात्र ठेवावी : लवकर बस्ता बांधणारी घरं बहुधा ऐपतीची, नियोजन करणारी असतात. त्यांचा भाव सगळ्या गावाचा भाव समजू नये. रंगाचा कल मात्र घेता येतो.

दुसरी खेप वेळेत येणार असेल तरच हे सगळं खरं. सांगली-इचलकरंजीचा दुकानदार कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारात सकाळी जाऊन संध्याकाळी माल घेऊन परत येतो. त्याला दुसरी, तिसरी, चौथी फेरी आहे. खास विणून किंवा शिवून घेतलेल्या मालाला ती नाही. तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे पहिला प्रश्न लिहायचा : हंगाम चालू असताना ही पुन्हा मिळेल का? मिळणार असेल तर वरचा दोन फेऱ्यांचा हिशोब. मिळणार नसेल तर एकाच फेरीचा, आणि तिथे नफा-तोट्याचं प्रमाण पाहायचं. समजा २,००० ला घेतलेला शेरवानी २,८०० ला जातो आणि उरला तर १,००० ला काढावा लागतो. कमी पडला तर ८०० गेले, उरला तर १,००० गेले. प्रमाण ४४ टक्के. इथे सरासरीच्याही खाली थांबावं लागतं. पांढरा शर्ट उरला तर पुढच्या वर्षी त्याच भावात जातो, नुकसान फक्त अडकलेल्या पैशाच्या व्याजाचं. तो पोतंभर घ्यावा. जाकड माल मिळत असेल, म्हणजे न खपलेला परत करायची बोली असेल, तर उरल्याचा तोटा जवळजवळ पुसला जातो आणि स्टेफनीही पहिल्या खेपेत आणता येते. जाकडीचा भाव थोडा जास्त पडतो म्हणून ती नाकारणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावं.

पंचांगातलं आधीच ठाऊक असलेलं

अनिश्चितता आणि बदल या दोन गोष्टी आपण एकत्र करतो, आणि तिथे फार पैसे जातात. कोणता रंग चालेल हे अनिश्चित आहे. दिवाळी कधी आहे हे छापलेलं आहे.

लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होतं, आणि २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला येतं. ‘गेल्या ऑक्टोबरात एवढा खप, या ऑक्टोबरात दहा टक्के जास्त धरू’ असा हिशोब करणाऱ्याचा आकडा मुळातच चुकतो. विक्री तारखेने न मांडता दिवाळीआधीचे किती दिवस उरले यावर मांडायची : चाळीस दिवस आधी किती, वीस दिवस आधी किती, शेवटच्या आठवड्यात किती. २०२५ ची तुलना करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या वर्षी २२ सप्टेंबरपासून १,००० ते २,५०० रुपयांच्या कपड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि २,५०० च्या वरचा १८ टक्के झाला. ऐन दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक कोणत्या भावाच्या कपड्याकडे वळलं, यात त्याचाही हात असणार.

लग्नसराईचं याहून मोठं आहे. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत. आपल्याकडचा एरवीचा सगळ्यात गर्दीचा काळ, मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, रिकामा. मुहूर्त एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटतात आणि उरलेले १५ जूननंतर, २५ जुलैच्या आषाढी एकादशीला चातुर्मास लागेपर्यंत. पहिली दाटी निश्चित आहे, तिचा नेहमीचा माल आधी आणि भरपूर हवा. जून-जुलैच्या लग्नांचं मात्र खरंच सांगता येत नाही. पाऊस, पेरणी, बी-बियाण्यात गुंतलेला पैसा, खेड्यापाड्यांतल्या दुकानाला हे सगळं लागू. तो माल दुसऱ्या फेरीचा.

अधिक महिना म्हणजे दुकान ओस असंही नाही. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून वाण देतात, जावयाला कपडे करतात. ही मागणी लग्नासारखी झगमगीत नसते. शर्ट-पँटपीस, साधा कुर्ता, लेकीला साडी, एवढंच. ती दर अधिक महिन्यात येते आणि हा माल गेलसारखा आहे. त्याच्याच पाठोपाठ शाळेचे गणवेश. त्यांच्या बाबतीत रंगाचा प्रश्नच नसतो, फक्त मापांचा असतो.

पैसे कधी द्यायचे

उधारीवर माल भरणाऱ्याला उरलेल्या मालाचा तोटा लवकर जाणवत नाही, म्हणून पहिल्या खेपेत हात सुटतो. वित्त कायदा २०२३ ने आणलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीने इथे लगाम बसला. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. ती मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिली तर तेवढी खरेदी त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी मिळते. नुसत्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हे लागू नाही.

लग्नसराईच्या खरेदीची तारीख पाहा. जानेवारी-फेब्रुवारीत भरलेला माल ३१ मार्चला न विकलेला असतो आणि त्याचे पैसे द्यायची मुदत बहुधा उलटलेली असते. म्हणजे स्टेफनीसारखा माल फेब्रुवारीत भरला तर तो पडून राहण्याचा धोका, त्याचे पैसे देण्याचा ताण आणि करातली अडचण, तिन्ही एकाच वेळी अंगावर येतात. तोच माल पहिले बस्ते पाहून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणला तर तिन्ही हलके होतात. त्यासाठी फेब्रुवारीत पुरवठादाराशी एवढंच बोलून ठेवायचं : कोणते नमुने तो एप्रिलपर्यंत ठेवू शकतो, किती दिवसांत पाठवू शकतो, आणि त्या हमीसाठी भावात किती फरक लागेल. उत्तरं नमुन्यांच्या नावांपुढे लिहून घ्यायची, आणि त्या कागदावरूनच पहिल्या खेपेची यादी करायची.